फाउस्तिनोला चार शब्द

रविवारी सकाळी सात वाजता सांतियागोहून व्हॅन सुटली, तेव्हा एदेल्मीराला ना डोंगर बघायचे होते, ना धरण. सहलीच्या कागदावर सगळं छापलेलं होतं. काहोनच्या खोऱ्यातला जुन्या रेल्वेचा बोगदा, सान होसे गावातलं जुनं चर्च, वर येसो धरणाचं निळं पाणी, दुपारी गरम एम्पानादा, आणि अंधार पडायच्या आत घरी. तिला जे हवं होतं ते मात्र कागदावर नव्हतं. बोगद्याच्या पुढे रस्त्याकडेला एक आनिमिता, तिथेच मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी बांधलेलं घरकुल, आहे, तिच्यापाशी व्हॅन दहा मिनिटं थांबते, एवढंच तिला शेजारच्या रुपेर्ताने सांगितलं होतं.

"अगं, काय मागशील ते देतो तो," रुपेर्ता खिडकीशी बसून सोललेलं संत्रं खात म्हणाली. "माझ्या भाचीची नोकरी कुणी दिली? त्यानेच! कोण कुठला, नाव ना गाव. दरडीखाली गेला बिचारा. पण अशा बेवारशी आत्म्यांचंच देव पटकन ऐकतो."

"मला काही नकोय. एका माणसाला माझ्या दारात आणून उभं करू दे, बस."

"आणि मग?"

"मग चार शब्द सुनावीन आणि दार लावून घेईन."

हे चार शब्द एदेल्मीराने नऊ वर्षं पाठ केले होते. शिवणयंत्रावर बसली की पाय खाली चालायचा आणि ओठ वर. नवरा फाउस्तिनो एका जुलैतल्या, ऐन हिवाळ्यातल्या सकाळी गेला तो गेलाच. तिचं पित्त खवळलं होतं, तीन दिवस ती नुसत्या पाण्यावर होती. "बाइलावेन आणतो, काढा घे, बरं वाटेल. चहाच्या वेळेपर्यंत येतो," असं म्हणून तो निघाला. मंडईत ती जडीबुटी ढिगाने मिळते, अर्ध्या तासाचं काम! त्याच दिवशी बेकरीतली सोलेदादही गायब झाली. आणि संध्याकाळी रुपेर्ता धापा टाकत आली होती, की बस स्थानकावर सीमेपलीकडच्या मेंदोसाच्या गाडीत दोघांना चढताना मी या डोळ्यांनी पाहिलं, त्याचं ते निळं जाकीट घालून होता!

निळं जाकीट तर दारामागे खिळ्याला लटकत होतं. एदेल्मीराने ते पाहिलं होतं. पण रागाला कुठे हिशेब असतो? नव्या बाईसाठी नवं जाकीट घेतलं असेल मेल्याने, असं म्हणून तिने ते खालच्या खणात कोंबलं. तिला सगळ्यात जास्त लागलं ते त्याने बरोबर नेलेल्या थर्मासचं. तिने उरलेल्या लोकरीचं आवरण विणलं होतं त्याला, हिरवं आणि नारिंगी. माझ्या हातचं आवरण आणि त्यातला चहा ती पिणार! पोलिसांत जायचं तिच्या मनातही आलं नाही. पळून गेलेल्या नवऱ्याची तक्रार देऊन स्वतःचं हसं कोण करून घेईल?

बोगद्यापाशी सगळ्यांनी फोटो काढले. एदेल्मीरा व्हॅनमध्येच बसून चिठ्ठी लिहीत होती. पुढच्या वळणावर चालक व्लादिमीरने तीनदा हॉर्न वाजवला, मृताला तसा रामराम करायचीच पद्धत, आणि गाडी कडेला घेतली.

"दहा मिनिटं हं, मावशी. मागायचं ते मागून घ्या."

कड्याला टेकून कमरेइतकं उंच एक घर होतं, पांढऱ्या चुन्याचं, पत्र्याच्या छपराचं. भोवती मेणबत्त्या, प्लास्टिकची फुलं, आणि 'उपकार झाला, आभारी आहे' अशा पाट्याच पाट्या. समोर ठोकळ्यावर म्हातारी उबेर्लिंदा वाळक्या काड्यांच्या जुड्या घेऊन बसली होती. तो कडवट गोड वास एदेल्मीराने लगेच ओळखला.

"हे बाइलावेन कशाला?"

"दुसरं काही वाहायचंच नाही त्याला. दरड हटवायला नोव्हेंबर उजाडला, बाई. चेहरा काही उरला नव्हता, पण मुठीत ही जुडी तशीच. वर कड्यावरची अस्सल जडीबुटी. भर हिवाळ्यात कोण चढतं तिथे? घरात कुणीतरी आजारी असणार, त्याशिवाय नाही." म्हातारीने जुडीला दोरा गुंडाळला. "नऊ वर्षं झाली, विचारायला कुत्रंही फिरकलं नाही. कसली म्हणायची ही घरची माणसं?"

"दगडाची!" एदेल्मीरा मनापासून म्हणाली. "अशी बायको असली तर आग लागो तिला."

तिने जुडी वाहिली आणि चिठ्ठी घडी करून फटीतून आत सोडली. 'फाउस्तिनोला एकदा माझ्या दारात आण. मला त्याला चार शब्द सांगायचे आहेत.' मग हात जोडून ती वाकली आणि काचेतून आत डोकावली.

आत चिठ्ठ्यांच्या ढिगात एक थर्मास उभा होता. त्यावर लोकरीचं आवरण, हिरवं आणि नारिंगी, आता दोन्ही रंग मातीसारखे झालेले. तीन बटणं. दोन पांढरी, आणि तिसरं तपकिरी, कारण आवरण विणलं त्या रात्री घरातली पांढरी बटणं संपली होती.

एदेल्मीराला आधी वाटलं, आपण चुकीचं बघतोय. तिने स्कार्फने काच पुसली. पुन्हा पाहिलं. बटण तपकिरीच होतं. काचेला कपाळ टेकून ती तशीच वाकून राहिली.

"त्याच्या शेजारीच सापडला तो," मागून उबेर्लिंदा सांगत होती. "पोचासुद्धा नव्हता आला. मीच धुतलं ते आवरण."

"रुपे," एदेल्मीरा म्हणाली. "इकडे ये. हे बघ."

रुपेर्ताने पाहिलं. तिच्या हातातलं संत्रं खाली पडलं.

"तू पाहिलं होतंस ना? या डोळ्यांनी?"

"एदे, अगं..."

"चेहरा पाहिला होतास का त्याचा?"

"पाठमोरा होता. निळं जाकीट होतं... सोलेदाद होती बरोबर, म्हणून मला वाटलं... अगं, मला खरंच तसं वाटलं!"

"जाकीट माझ्या घरात आहे. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं." एदेल्मीरा म्हणाली. "तू नुसतं सांगितलंस. मी खरं मानलं."

एकदम तिला चिठ्ठी आठवली. तिने फटीत बोटं घातली, मग मनगट कोंबायला लागली. पत्रा धारदार होता, रक्त आलं.

"अहो, काय करताय!" उबेर्लिंदा धावली. "आत टाकलेली चिठ्ठी काढायची नसते, बाई. त्याने वाचली ती आता. थोडा उशीर लावतो, पण मागितलेलं पुरं करतो."

"केलं," एदेल्मीरा म्हणाली. "नऊ वर्षं कुणी विचारायला आलं नाही म्हणालात ना? ती घरची माणसं म्हणजे मी. त्याचं नाव फाउस्तिनो आहे."

मेणबत्ती लावायला आलेल्या बायका मागे सरकल्या. व्लादिमीरने हॉर्नवरचा हात काढून घेतला. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, पण व्हॅनमधून कुणी हाक मारली नाही.

एदेल्मीरा खडीवर बसली. नऊ वर्षं घोकलेले चार शब्द तिने आठवून पाहिले. एकही आठवेना. तिने काचेवर तळहात ठेवला.

"जाकीट घालून का नाही गेलास रे?" ती म्हणाली. "इतकी थंडी होती."