दोन दिवस, दोन रात्री

कापड बेतताना शिंपीमास्तर शिवणीत बोटभर माया जास्तच सोडत, पुढेमागे उसवून वाढवता यावं म्हणून. खोटं बोलतानाही त्यांनी तेच केलं. मुलगा परदेशी गेला, सहा वर्षं फिरकला नाही, आणि मास्तरीणबाई उठता-बसता विचारू लागल्या, "अहो, आहे तरी किती लांब ते?" विमानाला लागतात चौदा तास. मास्तर म्हणाले, "दोन दिवस, दोन रात्री."

बाईंचा जीव भांड्यात पडला. एवढ्या लांबून लेकरू येणार तरी कसं! शेजारणीने टोमणा मारला की त्या तिलाही दोन दिवस, दोन रात्री ऐकवत.

मग मुलानेच दोघांची तिकिटं पाठवली. बाईंनी चष्मा लावून वाचलं. निघायचं सकाळी दहाला, पोचायचं दुपारी दोनला. तारीख तीच.

"चार तास?" बाई म्हणाल्या. "अहो, चार तासांत तुमची एक पँट होत नाही!"

मास्तरांनी समजावलं, की तिथली घड्याळं आपल्यापेक्षा दहा तास मागे असतात. हे अगदी खरं होतं, त्यामुळे पटण्यासारखं नव्हतं.

"पुरे तुमच्या थापा. चार तासांवर राहतो आणि सहा वर्षं आईचं तोंड बघत नाही मेला! मी नाही येत." त्या आत जाऊन रडल्या. मास्तर मशीनवर बसले. एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या, हे त्यांना संध्याकाळी कळलं.

शेवटी ते म्हणाले, "तुझं मनगटावरचं घड्याळ जसंच्या तसं ठेव. चार तासांत पोचलो, तर तिथूनच मागे फिरू." बाई निघाल्या त्या मास्तरांना खोटं पाडायला.

विमानात त्यांनी डोळ्याला डोळा लावला नाही. मास्तर मात्र घोरत होते. घड्याळात दोन वाजले तशी बाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

"चार तास झाले. आलं का?"

"नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच नीट टेकून बसल्या.

उतरले तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं आणि बाईंच्या घड्याळात रात्रीचे बारा. विमानतळाच्या दारात मुलगा उभा होता. पोट सुटलेलं, केस विरळ झालेले. बाईंना रडू आवरेना.

"फार लांब राहतोस रे बाळा," त्याच्या तोंडावरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "तुला तरी यायला कसं जमावं!"

"लांब कसलं, आई! एक झोप काढली की—"

मास्तरांनी सामानाच्या ढकलगाडीचं चाक त्याच्या पायावर घातलं. मुलगा कळवळला, आणि लंगडतच मोटार आणायला गेला.

"चाक मी बघितलं हं," बाई म्हणाल्या.

मास्तर सामानाचा पट्टा घट्ट करू लागले.

"घरी गेल्यावर मी पुन्हा विचारणार, किती लांब आहे म्हणून. काय सांगाल?"

"तुला सोसेल तेवढं."

बाईंनी पदराने डोळे पुसले, घड्याळ काढलं आणि काटे दहा तास मागे घेतले.

"दोन दिवसच सांगा," त्या म्हणाल्या. "शेजारणीलाही तेच सांगितलंय."