दुसऱ्याच्या गाद्या पाहणारा मोबाईल

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. मेडशीत मुनाफभाईंचं गाद्या भरायचं दुकान आहे. तिथे कापूस पिंजायच्या यंत्राशेजारी एका खिळ्याला मी लटकलेलो असतो. माझ्या काचेला तीन तडे आहेत, कानात कापूस भरलाय आणि पाठही थोडी फुगलीय. पण गप्प बसणं मला अजून जमत नाही, म्हणून माझी गोष्ट सांगतो.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते वाशीमच्या दुकानातलं काचेचं कपाट. मुनाफभाईंनी मला तिथून घरी आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, कौसरभाभींनी, मला ओढणीच्या टोकाने पुसून घेतलं होतं. दोन वर्षं मजेत गेली. फोन यायचे, लग्नातले फोटो निघायचे, दुपारी फळीवर डुलकी मिळायची. मग वाशीमला 'मखमल गादी सेंटर' निघालं आणि माझी झोप उडाली.

मखमलवाले रोज आपल्या गाद्यांचे व्हिडिओ टाकायचे. लाल साटीन, सोनेरी झालर, मागे गाणं. इकडे मुनाफभाईंच्या दुकानाची पायरी रिकामी पडू लागली. एका सकाळी यंत्राला तेल घालता घालता ते म्हणाले, "ही लग्नसराई पाह्यतो. नाई जमलं तं मशीन इकून टाकतो अन् नागपूरच्या कारखान्यात जातो."

त्या यंत्रावर त्यांच्या अब्बांची हयात गेली होती.  भाभींनी मला उचललं आणि मखमलचं पान उघडलं.

तेव्हापासून मला उसंत नाही. पोळी तव्यावर असताना मखमल, हाताला साबण असताना मखमल. कोणत्या व्हिडिओला किती बदाम, म्हणजे लाईक, मिळाले, तो कोणत्या वारी टाकला, गाणं कोणतं लावलं, सगळं भाभी टिपून ठेवायच्या. मी तापायचो, माझा जीव जायचा, की लगेच चार्जर. दहा मिनिटं होत नाहीत तोवर पुन्हा हातात. आणि खरं सांगू? मलाही चटक लागली होती. त्यांचं बोट टेकायच्या आधीच मी पुढचा व्हिडिओ आणून ठेवायचो.

"आपल्या व्हिडिओत कचरा दिसते, मशीनचा खडखडाट येते," भाभी म्हणाल्या. "आपून बी त्यांच्यासारखंच करू."

"कापसाचं काम हाये, कापूस उडनारच," मुनाफभाई म्हणाले. पण त्यांनी फार ताणलं नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. इथे घरचा जुना कापूस गादी भरायला देणारं माणूस लगेच निघून जात नाही. दुकानाच्या पायरीवर बसून राहतं. आपलाच कापूस यंत्रात गेला आणि आपलाच गादीत भरला, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच उठतं. किन्हीराजा गावच्या रुपाबाईही तशाच बसायच्या. लेकीच्या, नीताच्या, लग्नात द्यायला त्यांनी आपल्या आईची जुनी गादी नव्याने भरायला आणली होती. नेमकं त्या दिवशी त्यांना लवकरची परतीची एसटी गाठायची होती.

"मुनाफभाऊ, पैल्यांदाच न बसता चालली," त्या म्हणाल्या. "माह्या मायचा कापूस हाये. तुमच्या भरवशावर सोडून राह्यली."

मुनाफभाईंनी गादी उसवली, कापूस पिंजला, भरला, टाके घातले. रुपाबाईंना आधीच दाखवून ठेवलेली लाल साटीनची खोळ भाभींनी साध्या खोळीऐवजी हौसेने दिली. मला डब्यावर टेकवून त्यांनी सगळं काम टिपलं. मग कापाकापी सुरू केली. जुनी खोळ काढली, धूळ काढली, यंत्राचा आवाज काढला. उरली फक्त लाल चकचकीत गादी आणि गाणं. त्यावर मखमलवाले लिहितात तसंच भाभींनी लिहिलं, "एकदम नवा माल. तयार मिळेल."

दुपारपर्यंत दोनशे बदाम आले. शेजारची अनिसा म्हणाली, "मखमलचंच वाटते, भाभी." मी आनंदाने थरथरत फळीवरून सरकत सरकत पडलो. तीनपैकी पहिला तडा तेव्हाचा.

नीताच्या मोबाईलवर तो व्हिडिओ पाहून दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने रुपाबाई आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच लागलं.

"माह्या गादीले नवा माल म्हून दाखोलं," त्या म्हणाल्या. "इकून टाकली का, भाऊ? माह्या मायचा कापूस कुठं हाये?"

"हाच हाये, मावशी," भाभी घाईने म्हणाल्या.

मुनाफभाईंनी कात्री उचलली. "टाके काढून दाखोतो."

"पिंजल्यावर समदा कापूस सारखाच दिसते. मी कशी ओळखू?"

 कात्री मुनाफभाईंच्या हातातच राहिली. किन्हीराजात ही गोष्ट पसरली असती, तर लग्नसराईची वाट बघायचीही गरज उरली नसती. यंत्र त्याच आठवड्यात गेलं असतं.

मी भाभींच्या मुठीत तापत होतो. कापून काढलेलं सगळं माझ्या पोटात जसंच्या तसं होतं, पण मला बोलता कुठे येतं? शेवटी भाभींनाच आठवलं. त्यांनी न कापलेला व्हिडिओ शोधला आणि मला रुपाबाईंच्या हातात दिलं.

रुपाबाई पायरीवर बसल्या. निळ्या चौकड्यांची खोळ दिसली, तिच्यावर त्यांच्या आईने लावलेलं ठिगळ दिसलं. मग यंत्राचा खडखडाट सुरू झाला. भाभींनी व्हिडिओ पुढे सरकवायला बोट नेलं, तर त्या म्हणाल्या, "ढकलू नको, पोरी. समदं पाहू दे." तब्बल एकोणीस मिनिटं त्या हलल्या नाहीत. शेवटचा पुंजका साटीनच्या खोळीत गेला, तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले.

"हे काहून नाई टाकलं?" त्यांनी विचारलं. "मले हेच तं पाह्यचं होतं."

भाभींनी तो 'नवा माल' त्यांच्यासमोरच पुसून टाकला. दुपारी त्यांनी पुन्हा मखमलचं पान उघडलं. या वेळी बदाम मोजले नाहीत. खाली लोकांनी काय लिहिलंय ते सावकाश वाचलं. "घरचा कापूस पिंजून देता का?" "आमचाच कापूस परत मिळेल याची खात्री काय?" असे किती तरी प्रश्न होते आणि एकालाही उत्तर नव्हतं. मित्रांनो, मला फार लाज वाटली. चार महिने मीच ते प्रश्न भाभींच्या बोटाखालून पळवत होतो.

तेव्हापासून मी या खिळ्याला आहे. ज्यांना पायरीवर बसता येत नाही, त्यांच्या वतीने मी बसतो. कापूस उडतो, खडखडाट होतो, सगळं न कापता त्या-त्या घरी जातं. इंझोरीच्या एका मास्तरांनी तर स्वतः न येता टेम्पोतून पोती पाठवली. लग्नसराई संपली. यंत्र जागेवर आहे आणि नागपूरचं नाव कोणी काढत नाही. बाहेरच्या फोनसाठी भाभींनी नवा मोबाईल घेतला. माझी वाडग्यासारखी फुगणारी पाठ मात्र कुणी पाहिली नाही.

परवा नव्याचं चार्जिंग संपलं म्हणून भाभींनी मला खाली काढलं. या वेळी मखमलनेच आमच्यासारखं पिंजायचं यंत्र दाखवलं होतं. कापूस उडत होता, आवाजही ठेवला होता. भाभी हसल्या, पण बोट पुन्हा धावू लागलं आणि जुन्या सवयीने मीही धावू लागलो, तापू लागलो.

मुनाफभाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. पाठीवरून अंगठा फिरवून ते थबकले. "पाह्यलं ना एकदा? हा फुगून राह्यला, जीव घेतं का त्याचा? निजू दे आता."

त्यांनी मला बंद केलं आणि नुकत्याच भरलेल्या गादीवर पालथं ठेवलं. नव्या बॅटरीसाठी ते मला उद्या वाशीमला नेणार आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल. त्याला थांबता येत नाही, तुम्हालाच थांबवावं लागतं. इतके महिने मी दुसऱ्यांच्या हजारो गाद्या पाहिल्या, पण गादीवर आडवा मी त्या दिवशी पहिल्यांदा झालो.