फोटोपुरता चष्मा

"फुकटचा चष्मा, पण कवायत केवढी! मुलगी बघायला गेलो तेव्हा एवढी तपासणी झाली नव्हती माझी."

रांगेतल्या रंगाऱ्याने हे मागच्या माणसाला कुजबुजून सांगितलं. कुजबुज नंबरबाईंच्या कानापासून वीतभरावर होती.

"ऐकलं हं," त्या मान न वळवता म्हणाल्या. "तपासणी डोळ्यांची चाललीय, माझे कान ठणठणीत आहेत. चढा."

"अहो बाई, मी दिवसभर शिडीवर असतो. या तीन पायऱ्यांचं काय घेऊन बसलात?"

"शिडीवर जुन्या डोळ्यांनी चढता. आज नवे लावलेत. चढा, वरून माझ्याकडे बघा, मग उतरा. भिंत धरायची नाही."

रंगारी ऐटीत चढला. उतरताना मात्र शेवटच्या पायरीवर त्याचं पाऊल हवेतच अडलं. जमीन आहे तिथे आहे की नाही, याची त्याला खात्री वाटेना. त्याने भिंत धरली.

"आता?" नंबरबाईंनी विचारलं.

"जमीन वर आलीय बाई."

"जमीन तिथेच आहे. चष्मा खाली आलाय." त्यांनी त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, चिमट्याने नाकाच्या पट्ट्या जराशा आत वळवल्या आणि पुन्हा त्याला चढायला लावलं. दुसऱ्या वेळी तो नीट उतरला. "आठवडाभर घरात वावरा. शिडी नंतर," त्यांनी बजावलं आणि पुढच्याला बोलावलं.

क्लबच्या सभागृहामागे, जिथे पूर्वी नाटकाचं सामान असे, त्या खोलीत हे चाले. पायऱ्याही त्याच सामानातल्या. कुठल्याशा नाटकात त्यांच्यावरून राजा उतरत असे.

क्लबला चाळीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात क्लबने रद्दी गोळा करून दवाखान्याला पंखे दिले, नाटकाची तिकिटं खपवून शाळेला बाकं दिली, बसथांब्यावर छप्पर घातलं. छपरावर देणगीदारांची नावं इतकी झाली, की बस कुठे जाते हे लिहायला जागा उरली नाही. दरवर्षी झाडं लावली तीही एकाच ठरलेल्या खड्ड्यात, कारण तिथे गाड्या लावायला सोय होती आणि फोटोला उजेड चांगला येई. उपक्रम आले आणि गेले. टिकलं ते हे चष्म्यांचं काम.

चौकाचौकांतल्या दुकानांत क्लबचे डबे ठेवलेले असत. लोक त्यात घरातले जुने चष्मे टाकत. गेलेल्या आजोबांचे, मोतीबिंदूआधीचे, एक दांडी तुटलेले. ते धुवायचे, दुरुस्त करायचे, त्यांचे नंबर काढायचे आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या डोळ्यांशी जुळवायचे. हे सगळं नंबरबाई करत, नावही त्यावरूनच पडलेलं. शाळा आठवीपर्यंत. पुढचं शिक्षण चष्म्याच्या दुकानात काच पुसता पुसता, मालकाच्या खांद्यावरून बघून झालं होतं. भिंतीवर काळ्या पट्टीची एक फुली होती. काच डोळ्यासमोर धरून हलवायची. फुली काचेबरोबर सरकली तर नंबर वजा, उलट पळाली तर अधिक. मग पेटीतल्या, नंबर माहीत असलेल्या काचा एकेक करून त्या काचेवर ठेवायच्या, फुली गप्प उभी राहीपर्यंत. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने काचांची ती पेटी त्यांना देऊन टाकली. तेव्हापासून त्या इथेच. सदस्य मात्र नव्हत्या. अहवालात त्या शेवटच्या पानावर 'सहकार्य' या शब्दाखाली येत, मंडपवाल्याच्या वर आणि चहावाल्याच्या खाली.

रंगारी गेला आणि अध्यक्ष आले. त्यांचा फरशांचा धंदा. माणूस वाईट नव्हता. गावात पाणी शिरलं त्या वर्षी त्यांनी आपलं गोदाम रिकामं करून लोकांना झोपायला दिलं होतं, आणि त्याचा फोटो काढायचं स्वतःच विसरले होते. त्यांच्यामागे चिटणीस, बगलेत फाइल घेऊन.

"बाई, रविवारचं ठरलं! मैदानावर चुन्याने एक भलामोठा चष्मा आखायचा. डाव्या काचेत बायका, उजव्या काचेत पुरुष, दांड्यांवर आपली मंडळी. वरून ड्रोन. चिटणीस माइकवर एक-दोन-तीन म्हणणार, आणि तीनला एकशे ऐंशी चष्मे एकदम डोळ्यांवर! कशी आहे कल्पना?"

"छान आहे. कुणाचे कुणाच्या डोळ्यांवर?"

"म्हणजे?"

"चष्म्याच्या पाकिटावर माणसाचा अनुक्रमांक आहे, तोच त्याच्याकडच्या चिठ्ठीवर आहे. तुमच्या गोलात कोण कुठे उभं राहणार हे कुणाला ठाऊक? पाकिटं कशी वाटणार?"

"उभे असतील तशी वाटायची. नंतर घेतील की आपापसात बदलून."

"नाही."

"अहो, फोटोपुरतं!"

चिटणिसांनी फाइलची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "बाई, जरा समजून घ्या. येणारे पाहुणे तपासणीची गाडी देणार आहेत. डॉक्टर, यंत्रं, सगळं आत. ती मिळाली तर वर्षाला पाच हजार लोक तपासू आपण. त्यांच्याकडे अर्धा तास आहे. तुमच्या पायऱ्या चढवत बसलो तर संध्याकाळ होईल."

"मग सकाळी सहाला बोलवा लोकांना. मी पाचला येते. सगळ्यांचे जुळवून देते, मग उभे करा चष्म्यात, नाहीतर दुर्बिणीत."

"डोळ्यांवर आधीच असले तर फोटोत काय दिसणार? एकदम घालण्यातच तर मजा आहे!"

"ते मला माहीत नाही. या खोलीतून पाकीट बाहेर जाईल ते माणसाबरोबर जाईल. एकटं नाही."

"सदस्य नाही, काही नाही, आणि हुकूम मात्र..." अध्यक्ष पुटपुटले, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून गेले. चिटणीस उंबऱ्यात जरा रेंगाळले. नंबरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, आणि तेही गेले.

या पायऱ्या नऊ वर्षांपूर्वी नव्हत्या.

नऊ वर्षांपूर्वी या सभागृहाचं उद्घाटन होतं. तेव्हाही पाहुणे घाईत होते, तेव्हाही पाकिटं होती, चाळीस. नंबरबाईंनी ती रांगेच्या क्रमाने लावून दिली होती. ऐन वेळी फोटोवाला म्हणाला, पुढचे उंच लोक मागच्यांना झाकतायत. चिटणिसांनी, ते तेव्हा नुकतेच चिटणीस झाले होते, टाळ्या वाजवत सगळ्यांना उठवलं. "उंच मागे, बुटके पुढे! चला, पटापट!" माणसं हलली. पाकिटं होती त्याच क्रमात राहिली. नंबरबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा व्यासपीठावर बोलावलं होतं. हातात फुलांचा गुच्छ होता. त्यांनी वरून पाहिलं. शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांवर एका म्हाताऱ्याचा जाडजूड भिंगांचा चष्मा होता, आणि त्या बाई फोटोसाठी हसत होत्या. आता खाली उतरायचं, आता सांगायचं, असं नंबरबाईंच्या मनात आलं. पण खाली उतरलं असतं तर फोटोतून बाहेर पडावं लागलं असतं. त्या उभ्या राहिल्या. नंतर चहाच्या गर्दीत बऱ्याच जणांनी चष्मे बदलून घेतले. त्या बाई शाळेची घंटा गाठायची म्हणून आधीच निघून गेल्या होत्या. संध्याकाळी घराच्या जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. क्लबने त्यांना चाकाची खुर्ची दिली. तिचाही फोटो निघाला. दीड वर्ष त्या खुर्चीत बसून होत्या, मग गेल्या.

क्लबमध्ये याला 'तो प्रसंग' म्हणत. तोही क्वचितच. त्या वर्षीच्या अहवालात चिटणिसांनी लिहिलं होतं: 'एका गरजू महिलेस चाकाची खुर्ची भेट.'

नंबरबाईंनी गुच्छ त्याच दिवशी घरी नेऊन पाण्यात ठेवला होता. बातमी कळली तेव्हा फुलं ताजी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी अडगळीतून पायऱ्या ओढून काढल्या. का, ते कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

रविवारी सकाळी त्या साडेपाचला वेणी घालत होत्या. त्यांची नणंद चहा गाळत होती. दोघी एकाच घरात राहून म्हाताऱ्या होत आल्या होत्या, आणि रोज एकमेकींना घराबाहेर काढायची धमकी देत.

"वहिनी, एक दिवस गप्प बसलीस तर काय बिघडेल गं तुझं?"

"एक दिवस बसले होते, वन्सं."

नणंदेने गाळणी खाली ठेवली. तिलाही 'तो प्रसंग' ठाऊक होता. "काढून टाकतील तुला."

"कशातून? आत घेतलंय कुठे?"

"तोंडाला काही धरबंद आहे का बघ! निदान बिस्किट खा. रिकाम्या पोटी भांडलीस तर चक्कर येईल."

नंबरबाईंनी दोन बिस्किटं खाल्ली आणि निघाल्या. सहाला त्या खोलीपाशी पोचल्या तेव्हा कुलूप जागच्या जागी होतं. उघडून आत गेल्या, तर पाकिटांचे चारही खोके गायब. दुसरी चावी क्लबकडे असते, हे त्या विसरल्या होत्या. आजवर ती कुणी वापरलीच नव्हती. खोली झाडायला कोण येणार?

मैदान जवळच होतं, तरी त्या पळाल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी पळताना आपण कशा दिसत असू याचा विचार त्यांनी केला नाही. मैदानावर पांढरा चष्मा आखलेला होता आणि माणसं कडेकडेने उभी राहत होती. स्वयंसेवकांनी वाटप पहाटेच उरकलं होतं. एकशे ऐंशी हातांत एकशे ऐंशी पाकिटं होती.

"पाकीट उघडू नका!" त्या डाव्या काचेत शिरून ओरडल्या. "चिठ्ठी बघा, पाकिटावरचा नंबर बघा!"

"बाई, दिसत असतं तर इथे आलो असतो का?" एक आजीबाई म्हणाल्या, आणि आजूबाजूच्या बायका हसल्या. नंबरबाईही हसल्या, आणि आजीबाईंच्या हातून पाकीट घेतलं. चिठ्ठीवर बावन्न, पाकिटावर एकशे सात. पुढची बाई: चिठ्ठीवर एकोणीस, पाकिटावर चौऱ्याहत्तर. "हे पिशवीत ठेवायचं. डोळ्यावर लावायचं नाही. कुणी कितीही मोजलं तरी नाही. समजलं?" त्या एकेकीला सांगत पुढे सरकत राहिल्या. तासाभरात अर्ध्या काचेपर्यंत पोचल्या. मोटारींचे आवाज आले. पाहुणे उतरले. ड्रोन घोंघावत वर गेला.

अध्यक्ष चुन्याच्या रेषेवरून तरातरा आले. "बाई, बाहेर व्हा! फोटोत मधे काळा ठिपका दिसेल तुमचा!"

"दिसू दे."

"चाळीस वर्षं झालीयत क्लबला! एका माणसाच्या हट्टापायी गाडी घालवणार तुम्ही? लोक आंधळे राहिले तर त्याचं पाप कुणाच्या माथी?"

"माझ्या. मी नाही हलणार."

"स्वयंसेवक! यांना जरा बाजूला घ्या."

दोघे स्वयंसेवक पुढे आले आणि थांबले. त्यांतल्या एकाच्या आईचा चष्मा नंबरबाईंनीच जुळवला होता. कुठे धरावं हे त्याला कळेना. नंबरबाई मधोमध जमिनीवर मांडी घालून बसल्या. "आता उचला. गुडघे दुखतात माझे, सांभाळून."

अध्यक्षांनी लांबून पाहुण्यांकडे बघून हात हलवला, हसले, आणि मग दांडीच्या टोकाला माइक घेऊन उभ्या असलेल्या चिटणिसांना ओरडून सांगितलं, "असू दे त्यांना तिथेच! मोजा!"

चिटणिसांनी माइक तोंडाशी नेला. "मंडळी, पाकिटं उघडा," ते म्हणाले, तसं लिहून दिलेलं होतं. उजव्या काचेत पाकिटं कुरकुरली. डाव्या काचेत काही हात पिशवीत गेले, काही तसेच राहिले.

"एक," चिटणीस म्हणाले.

उजव्या काचेतल्या एका म्हाताऱ्याने चष्म्याच्या दांड्या उलगडल्या.

"दोन."

नंबरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या लांबून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नुसता माइक धरलेला हात दिसत होता.

तीन आलंच नाही. कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू येत राहिला. अध्यक्षांनी मागे वळून खूण केली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं.

"घालू नका," चिटणीस म्हणाले. माइकला कर्कश शिट्टी आली, तरी ते थांबले नाहीत. "मी नऊ वर्षांपूर्वी फोटोसाठी लोकांच्या जागा बदलल्या होत्या. पाकिटं बदलली नव्हती. शाळेत झाडणाऱ्या बाईंना दुसऱ्याचा चष्मा गेला. त्या जिन्यावरून पडल्या. आमच्या चष्म्यामुळे मेल्या त्या. हे मी कधी कुठे लिहिलं नाही, आम्ही कुणी बोललो नाही. चष्मे डोळ्यांना लावू नका, बाई येईपर्यंत थांबा."