चमनभाईंचा बिल्ला

सयाजीरावांना जुन्या नाण्यांचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना नाद होता बिल्ल्यांचा. दुसऱ्या महायुद्धात सुट्ट्या पैशांचा दुष्काळ पडला, तेव्हा काही दुकानदार सुट्ट्याऐवजी आपल्याच नावाचे पितळी बिल्ले गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे. एसटीत कंडक्टर म्हणून तीस वर्षं सुट्ट्यापायी शिव्या खाल्लेल्या माणसाला असलं वेड लागलं, तर नवल ते काय! कबनूरच्या चमनभाईंच्या चहाच्या दुकानाचा बिल्ला ते नऊ वर्षं शोधत होते. तो चमनभाईंच्या सुनेकडे, नजीराचाचींकडे निघाला. उरलेला एकमेव.

चाचींनीच फोन केला, "या की पावणं, बघून जावा."

सयाजीराव नोंदवही घेऊन चाचींच्या घरी पोचले. चाचींनी बिल्ला बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली आणि सयाजीराव पुढे वाकले. बिल्ला लख्ख चकाकत होता आणि दोन्ही बाजूंनी कोरा होता.

"पावण्याला काळाकुट्ट बिल्ला कसा दाखवायचा?" चाची म्हणाल्या. "पुतण्या चांदीच्या कारखान्यात पॉलिशला हाय. मशीनवर दोनदा धरला त्यानं. नाव झकास उठलंय न्हवं?"

काचबिंदूनं चाचींची नजर कधीच गेली होती. सयाजीरावांना त्या पुतण्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण म्हातारीचा उजळलेला चेहरा बघून ते विरघळले.

"व्हय चाची. एकदम झकास."

चाचींचा चेहरा पडला. बिल्ल्यावर अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, "मग माझीच बोटं गेली म्हणायची. डोळं गेल्यापास्नं सगळं ह्यांच्यावरच चाललंय. तांदूळ निवडते, नातीची वेणी घालते. सासऱ्यांचं नाव रोज चाचपून बघायची. चार दिस झालं, कायबी लागत न्हाय. बोटंबी गेली तर मी करू काय, पावणं?"

सयाजीरावांना स्वतःचीच लाज वाटली.

"खोटं बोललो, चाची. बोटं न्हाय, नावच गेलंय. मशीननं सगळं खाल्लं."

 चाची पदर तोंडाला लावून रडल्या, आणि रडता रडताच हसल्या.

"म्हंजी बोटं शाबूत हायत माझी!"

सयाजीरावांचेही डोळे भरून आले.  चाचींनी आपले डोळे पुसले.

"वही आणलीय न्हवं? लिवा," त्या म्हणाल्या आणि कोऱ्या पितळेवर अंगठा सावकाश फिरवू लागल्या. "वर गोलात, चमन इब्राहिम चहावाले. खाली, अर्धा आणा. मधी कपबशी हाय. कपाचा कान जरा वाकडा हाय, त्योबी लिवा."