म्हशींच्या वहीत आप्पाराव

"काकू, फोटो आणा. आज आणला तर आज भिंतीवर लावतो. माझी काय ना न्हाई," असं दूध संस्थेचा चेअरमन सुंदरराव भर सभेत म्हणाला, आणि तसला फोटो दुनियेत कुठंच नाही हे पक्कं ठाऊक असल्यामुळं हसतमुखानं खाली बसला.

तुळजाबाईनं आजवर बरीच माणसं खाली बसवली होती. हे बेणं आपणहून बसलं, तेही हसत, याचा तिला जास्त राग आला.

भांडण एका खिळ्याचं होतं. संस्थेनं नवं ऑफिस बांधलं होतं. साल टँकरचं. कडबा सोन्याच्या भावानं, निम्म्या गोठ्यांतली दावी मोकळी, म्हशी छावणीला नाहीतर पाहुण्यांकडं, आणि दुधाचे कॅन ऑफिसमागं पालथे पडलेले. पण ऑफिसची फरशी मात्र अशी चकचकीत की पाय ठेवायला माणसाला लाज वाटावी. समोरच्या भिंतीवर संस्थापकाच्या फोटोसाठी खिळा ठोकून तयार होता. त्या खिळ्याला सुंदरराव आपल्या बापाला, राधाकिशनला, टांगणार होता.

राधाकिशनचे फोटो ढिगानं होते. तो माणूस फोटोला कधी चुकला नाही, कामाला तेवढा चुकायचा. आधीच्या मोठ्या दुष्काळात व्यापारी दूध पाण्याच्या भावानं न्यायला लागला, तेव्हा तुळजाबाई दारोदार हिंडून सांगत होती की आपलं आपण गोळा करू, आपला आपण कॅन लावू. तेव्हा हाच राधाकिशन पारावर मांडी घालून म्हणाला होता, "साऱ्या गावाचं दूध एका कॅनात? आमी न्हाई वतत." पुढं संस्थेला सरकारी अनुदान लागलं आणि राधाकिशनचं दूध त्याच कॅनात गुमान पडायला लागलं. मग तो चेअरमन झाला, मग त्याचा पोरगा झाला, आणि आता मेलेला राधाकिशन संस्थापकही व्हायला निघाला होता.

कागदोपत्री संस्थापक तुळजाबाईचे मालक आप्पाराव. नोंदणीचा साहेब म्हणाला होता, बाईचं नाव कशाला, मालकांचं लावा. आप्पाराव म्हणाले, "बरं." त्या अख्ख्या प्रकरणात ते एवढंच बोलले. माणूस देवाचा. त्यांचं बोलणं म्हशींशी, आणि म्हशी त्यांचं ऐकायच्या. माणसांकडं बघायचं काम त्यांनी बायकोवर सोपवलं होतं. दूध घालायला ओळ लागली की माप हातात घेऊन तुळजाबाई उभी राहायची, आणि आप्पाराव मागं कॅन विसळत बसायचे.

फोटोचं त्यांचं कधी जमलंच नाही. उद्घाटनाला अंबाजोगाईहून फोटोवाला आला, बँड वाजला आणि एक म्हैस दावं तोडून उधळली. आप्पाराव तिच्यामागं पळाले. फोटोत मधोमध राधाकिशन, कडक टोपी, गळ्यात हार. आणि अगदी कडेला एक कोपर. तो कोपर आप्पारावांचा. तुळजाबाई तो हजारात ओळखायची, पण कोपराला हार कसा घालणार. पुढं मतदानाची ओळखपत्रं यायच्या आधीच ते गेले. थोडं थांबले असते तर सरकारनं तरी एक फोटो काढला असता.

त्या रविवारी नात आली. जानकी अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकत होती. डॉक्टरकीचं एक असो, पण पोरीला दुसरंच वेड होतं. पुण्यामुंबईला कॉमिक्सचे मेळे भरतात, तिथं चित्रं काढणारे टेबल मांडून बसतात, आणि ही बया काळ्या पुठ्ठ्याची जाड वही घेऊन त्यांच्यापुढं ओळीत उभी राहायची. प्रत्येकानं वहीत एक चित्र काढायचं, खाली सही करायची. वही गोळा करणाऱ्यांनी म्हणे एकच विषय धरायचा असतो. कुणी वाघ धरतं, कुणी राक्षस. जानकीनं म्हैस धरली होती.

तुळजाबाईनं चष्मा लावून वही चाळली. एक म्हैस आभाळात उडत होती. एकीला चिलखत होतं. एक चष्मा लावून पेपर वाचत होती.

"हिला तीनच आचळं काढली," तुळजाबाई म्हणाली.

"आजी, त्या बिचाऱ्यानं म्हैस जवळून कधी बघितलीच नव्हती."

"मंग काढली कशी?"

"मी सांगत गेले, तो काढत गेला."

तुळजाबाईनं वही मिटली. चष्मा काढला. "पुन्हा कवा हाय हे?"

"शनिवारी. या खेपेला आमच्या अंबाजोगाईतच भरवलाय पोरांनी. पण तुला काय करायचंय तिथं?"

"न बघता म्हैस काढत्यात, तर तुझ्या आज्याला काढायला काय झालं," तुळजाबाई म्हणाली. "ते काय म्हशीपेक्षा अवघड न्हवते."

मेळा एका मंगल कार्यालयात होता. खर्च कुठल्याशा पतसंस्थेनं केलेला, त्यामुळं कमानीवर कॉमिक्समधल्या वीरांपेक्षा संचालक मंडळाचे चेहरे मोठे होते. आत पोरं पाठीवर लाल-निळ्या चादरी बांधून, तोंडाला मुखवटे लावून घामानं निथळत हिंडत होती. पाण्याच्या जारपाशी ही भली मोठी ओळ. दुनिया वाचवायला निघालेले सगळे वीर गलास धरून उभे होते, आणि जार रिकामा होता.

"ह्यांच्या आया कुटं गेल्या?" तुळजाबाईनं विचारलं.

"आजी, हळू बोल."

पहिल्या टेबलावर कानात बाळी घातलेला पुण्याचा पोरगा होता. त्याच्यापुढं सगळ्यात मोठी ओळ. तुळजाबाईनं नंबर लावला आणि नंबर आल्यावर नवऱ्याचं वर्णन सांगितलं: फेटा, मिशी, नाक सरळ, अंगानं शिडशिडीत, दुष्काळात सबंध गावाची संस्था उभी केली. पोरानं शेवटचं तेवढं ऐकलं आणि झरझर हात चालवला. छाती धान्याच्या कोठीएवढी, दंड बैलाच्या मानेएवढे, दोन्ही हातांवर दोन भरलेले कॅन तोललेले.

तुळजाबाईनं बराच वेळ बघितलं. "ह्याला भाकरी कोन पुरवीत होतं?"

"हिरो आहे ना, आजी. थोडं मोठं करावं लागतं."

"दुष्काळ कशानं पडला ते आत्ता कळलं," ती म्हणाली, आणि पुढच्या टेबलाकडं गेली.

दुसरा भुताखेतांच्या गोष्टी काढणारा होता. त्यानं दुष्काळ ऐकला. मग भेगाळलेली जमीन, वर गिधाडं, आणि मधी आप्पाराव: डोळ्यांच्या खोबणी, हाडं, वर फेटा.

"हे मेल्यानंतरचं हाय," तुळजाबाई म्हणाली. "मला आदीचं पायजे."

तिसरी एक मुलगी. तिच्या हातची सगळीच माणसं वासराच्या डोळ्यांची. तिनं काढलेले आप्पाराव इतके गोड दिसत होते की तुळजाबाईला माश्या बसतील म्हणून त्यांच्या तोंडाला फडकं लावावंसं वाटलं. मुलीचं मन मोडू नये म्हणून ती म्हणाली, "आमच्या नातीला असा नवरा बघू," आणि जानकीला दंडाला धरून निघाली.

दुपार कलली. वहीत आता तीन आप्पाराव झाले होते, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. भिंतीवरचा खिळा तुळजाबाईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. परवाच्या दिवशी फोटो लावायची सभा. परवा त्या खिळ्याला राधाकिशन चढला की तो तिथून उतरायचा नाही, आणि गावातली पुढची पोरं म्हणणार, संस्था ह्यानंच काढली.

कोपऱ्यात एका टेबलापुढं कुणीच नव्हतं. मागं रामकिसन नावाचा पिकल्या दाढीचा माणूस पेंगत बसला होता. पूर्वी तो मासिकांत चित्रकथा काढायचा, हल्ली लोक त्याला फक्त हार घालायला बोलवायचे. जानकी म्हणाली, "आजी, यांचा हात जुन्या वळणाचा आहे."

"जुनंच पायजे," म्हणत तुळजाबाई खुर्चीवर बसली. तिनं पुन्हा सगळं वर्णन सांगितलं. त्यानं पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"बोलत राहा," तो म्हणाला.

मग तुळजाबाई बोलली. व्यापाऱ्याबद्दल बोलली, राधाकिशनबद्दल बोलली, साहेबाबद्दल बोलली, सुंदररावाबद्दल बोलताना तर खुर्चीच्या पुढं सरकून बसली. आप्पारावांचा विषय मधून मधून यायचा आणि जायचा. रामकिसन वर बघायचा, खाली बघायचा. मिशी केवढी, फेट्याचा शेमला कुठल्या खांद्यावर, एवढंच त्यानं मधी विचारलं.

वही फिरवून त्यानं पुढं केली, तशी तुळजाबाई बोलता बोलता थांबली. फेटा होता, मिशी होती, आणि मिशीच्या वर दोन डोळे असे रोखून बघत होते की चित्र काढणाऱ्याचीच काहीतरी चूक झाली असावी.

"हेच," ती म्हणाली. "ओळखीचं वाटतंय. हेच हायेत ते."

जानकीनं चित्र बघितलं, आजीकडं बघितलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

रामकिसननं पेन्सिल खिशाला लावली. "बाई, एक सांगून ठेवतो. मला मनानं चेहरा काढता येत नाही, कधीच आला नाही. समोर बसलेलं असेल तेच जमतं. तुम्ही बसला होता. मिशी तेवढी तुमच्या सांगण्यावरून लावली."

तुळजाबाईनं ते ऐकलं असावं. पण तिनं वही पदराखाली घेतली आणि उठली.

एसटीत खिडकीपाशी बसल्यावर तिनं ते पान उघडलं. मिशीवर अंगठा ठेवला. मग फेट्यावर तळहात ठेवला. उरलं ते रोज सकाळी आरशात दिसायचं. एकदा अंगठा उचलला, एकदा ठेवला. आप्पाराव आले, गेले.

"आजी," जानकी म्हणाली, "दुसरं काढून घ्यायचं का? अजून दोघं-तिघं होते."

"काय चुकलंय ह्यात?"

"हे आजोबा नाहीत."

"मी कवा म्हणले हायेत म्हणून? मी म्हणले ओळखीचे वाटत्यात." मग बाहेर टँकरची रांग मागं पडल्यावर, ती म्हणाली, "त्यांचा चेहरा मला बी नीट आठवंना आता. कोपर तेवढा आठवतो." आणि वही मिटली.

सभेला ऑफिस गच्च भरलं. दूध नव्हतं, पण सभासद सगळे होते. तुळजाबाईनं वहीतून काढून चौकटीत घातलेलं चित्र टेबलावर उभं केलं.

सुंदरराव मान वाकडी करून म्हणाला, "काकू, हे चित्र हाय. मी फोटो म्हणलतो."

"तुला भिंतीवर लावायला पायजे व्हतं. भिंतीला कुटं कळतं?"

लोक हसले. हसणं वाढू नये म्हणून सुंदरराव म्हणाला, "बरं, जुन्या मानसांनी सांगावं. आप्पाराव हायेत, असं त्यांनी म्हणलं तर लावू. न्हाई म्हणलं तर आमचे दादा."

तुळजाबाईनं पदरानं चौकटीची काच पुसली आणि चित्र जुन्या माणसांकडं वळवलं.

सगळ्यात जुना सभासद शहादेव. त्याला दोघांनी धरून पुढं आणलं. त्यानं नाक चौकटीला लावलं, आणि दचकून मागं सरला. "आप्पारावच की. नजर बघा. ह्या नजरेपुडं मी दुदात पानी घालून कदी आलो न्हाई, वहिनी. एकदा घातलं व्हतं, तर वाटंतनंच वापस गेलतो."

मग सगळ्यांनाच आठवायला लागलं. संस्थापकाला मी ओळखत नाही, असं म्हणायला कुणी तयार होईना. एक म्हणाला, हनुवटी तीच. दुसरा म्हणाला, रागात आले की असेच बघायचे. आप्पारावांना रागात कुणी जन्मात बघितलं नव्हतं, पण ही गोष्ट त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आली नाही.

शेवटी खोट काढायला म्हणून सुंदरराव स्वतः जवळ गेला. त्याच्या गालात गुटखा होता. त्यानं चित्राकडं बघितलं, चित्रानं त्याच्याकडं बघितलं. तो दारापर्यंत गेला, गुटखा थुंकला, तोंड पुसून परत आला आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"लहानपनी मी कॅनात हात घातलता," तो शहादेवला हळूच म्हणाला, "तवा हेच माझ्याकडं असं बघत व्हते. माप फेकून मारलं व्हतं त्यांनी. अजून खूण हाय."

ते माप कुणी मारलं होतं हे तुळजाबाईला चांगलं आठवत होतं. नेमही बरा बसला होता.

"मंग लावायचं न्हवं?" कुणीतरी विचारलं.

"लावा," सुंदरराव म्हणाला, आणि राधाकिशनचा कागदात गुंडाळलेला फोटो त्यानं खुर्चीखाली सरकवला.

चित्र खिळ्यावर चढलं. हार पडला. तेवढ्यात बायकांमधून चंद्रभागाबाई उठली. संस्थेच्या कॅनात पहिल्या दिवशी पहिलं दूध ओतलं ते हिनं. तुळजाबाईची जुनी मैत्रीण, दोघींनी मिळून अख्खं गाव पायाखाली घातलेलं. ती काठी टेकत भिंतीपाशी गेली. चित्र बघितलं, वळली, तुळजाबाईला बघितलं, पुन्हा चित्र बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला, आणि पदरामागं तिचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं, म्हातारीला भरून आलं.

हिनं ओळखलं, हे तुळजाबाईला कळलं. आता हिनं तोंड उघडलं की सगळं गेलं, चित्र जाईल, खिळा जाईल.

चंद्रभागाबाईनं डोळे पुसले. "आप्पारावच हायेत," ती साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "इतकं समदं झालं, तरी कसे गप बसल्यात बघा. दुसरं कुनी असतं तर भिंतीवरनं बोललं असतं. काय गं तुळजे?"

तुळजाबाईकडं याला उत्तर होतं. चांगलं टोचणारं होतं, अगदी जिभेच्या शेंड्यावर आलेलं. तिनं ते गिळलं.

"बरं," ती म्हणाली.