मीटरला न दिसलेले दातवाले

दातवाल्यांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या, पण बायको गेल्यावर त्यांच्या स्वतःच्या घरात कुणासमोर तोंड उघडायची सोय राहिली नाही. अशात परगावच्या मुलानं फोनवर डोकं खाल्लं, की घर वीज वाचवणारं करून घ्या बाबा, करात घसघशीत सूट मिळतेय. मुलगा सारखा फोन करतोय या आनंदातच दातवाले हो म्हणून बसले.

खिडक्यांना दुहेरी काचा लागल्या, भिंतींना आतून जाडजूड अस्तर, दाराखाली रबराची पट्टी. काम इतकं चोख झालं की घरात थंडी शिरेना, वारा शिरेना आणि आवाजही शिरेना. मीटरला तर डुलकीच लागली.

मग कर कार्यालयानं कळवलं, की सूट फक्त राहत्या घराला आहे आणि एवढ्याशा विजेत तिथे कुणी राहत असेल असं वाटत नाही. तपासनीस येऊन दार बडवून गेला होता. 'घर बंद' असा शेरा त्यानं मारला, तेव्हा दातवाले आत निवांत चहा पीत होते. बेल अस्तराखाली गाडली गेली होती.

दातवाले तडक कार्यालयात जाऊन उभे राहिले. कारकुनानं त्यांना खालीवर न्याहाळलं.

"तुम्ही आहात हे मान्य आहे, काका," तो समजुतीनं म्हणाला. "पण तिथे आहात याचं काय? शेजाऱ्याची सही आणा."

परतताना दातवाले आपल्याला ओळखणारी माणसं आठवत राहिले. गिऱ्हाइकं बहुतेक कवळीसकट वर गेली होती. उरली भिंतीपलीकडची शिवणवाली. तिच्याशी जुनं वाकडं. तिचं मशीन दिवसभर खडखडायचं म्हणून हे ओरडायचे, हे दुपारी घोरायचे म्हणून ती भिंतीवर कात्रीची मूठ आपटायची.

दार उघडून ती पाहतच राहिली.

"अहो, तुम्ही इथेच होय? मला वाटलं, मुलानं नेलं. घोरणं बंद, खोकणं बंद. दोन दिवस घास उतरला नाही मला."

सही मात्र तिनं दिली नाही. कानावर न आलेल्या माणसाची साक्ष ती देणार कशी? आधी ऐकू येऊ दे, मग बघू.

घरी येऊन दातवाल्यांनी कवळी कोरायचा चाकू काढला आणि उशामागचं अस्तर चौकोनी कापलं. पलीकडे मशीन खडखडत होतं. ज्या आवाजाला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तो ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. जाग आली ती कात्रीच्या दणक्यानं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कागद घेऊन आली. रबराच्या पट्टीमुळे दाराखालून सरकवता येईना. कागदावर लिहिलं होतं : 'राहतात. घोरतात.' खाली सही.

तपासनीसानं या खेपेला सगळं वाखाणलं. मग त्याची नजर उशामागं गेली. एवढं भोक बुजवा, सूट पक्की, तो म्हणाला.

पलीकडचं मशीन थांबलं होतं.

"राहू दे ते," दातवाले म्हणाले. "अर्जच रद्द करा."

"अहो, आधी मुलाला तरी विचारा," भिंतीतून आवाज आला.

"त्याला इथलं काही ऐकू जात नाही, बाई."

तपासनीस निघून गेल्यावरही दातवाले मशीन सुरू होण्याची वाट बघत भोकाला कान लावून बसले होते.