रिफंडवर कर लागतो का?

डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या मराठी मंडळींत कुणालाही कराची शंका आली की एकच नाव पुढे यायचं, उपेंद्र. तो सॉफ्टवेअरमधला; पण बरीच वर्षं अमेरिकेत काढून आयर्लंडला आलेला. दोन्हीकडचे नियम आपल्याला पाठ आहेत असं तो धरूनच चालायचा.

मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करणारी स्वानंदी गेल्याच वर्षी न्यू जर्सीहून इकडे आली होती. एका रविवारी ती उपेंद्रकडे जेवायला आली. "उपेंद्रदादा, आम्ही निघायच्या आधी न्यू जर्सी राज्याने जादा भरलेला कर परत केला. आता केंद्राच्या, म्हणजे फेडरल रिटर्नमध्ये तो उत्पन्न म्हणून दाखवायचा का?"

"छे. आपलेच पैसे परत आले, ते उत्पन्न कसं? मी कधीच दाखवले नाहीत. बिनधास्त भर."

ती गेल्यावर उपेंद्रची बायको वृंदा म्हणाली, "तिला तू एकही प्रश्न विचारला नाहीस."

"उत्तर माहीत होतं."

"तुझ्यापुरतं." वृंदा हॉस्पिटलात डॉक्टर होती. "ताप आला म्हणून मी सगळ्यांना एकच गोळी देत नाही. आधी चौकशी करते. तुझ्या शब्दावर ती सही करणार आहे. चुकलं तर नोटीस तिला येईल, तुला नाही."

उपेंद्रला राग आला. तिला गप्प करायला म्हणून त्याने नियम उघडले आणि वाचता वाचता स्वतःच गप्प झाला. तो दरवर्षी सरसकट ठरावीक वजावट घ्यायचा, म्हणून त्याचा रिफंड उत्पन्नात धरला जात नव्हता. पण ज्याने आधीच्या वर्षी राज्याचा कर वजा दाखवून फेडरल कर कमी करून घेतला असेल, त्याच्यासाठी नियम वेगळा होता. आणि स्वानंदीचं तिथे स्वतःचं घर होतं, त्यावर कर्ज होतं. अशी माणसं बहुधा एकेक खर्च दाखवूनच वजावट घेतात.

फोनवर मोघम सांगून भागलं असतं. तो गाडी काढून मेनूथला गेला.

"स्वानंदी, मी चुकीचं सांगितलं. आधीच्या वर्षी राज्याचा कर वजावटीत धरला होतास का?"

"हो. घराचं व्याज होतं, म्हणून सगळंच तपशीलवार दाखवलं होतं."

"मग त्या वजावटीचा जेवढा फायदा झाला, तेवढा रिफंड उत्पन्नात धरावा लागेल. आकडा करसल्लागाराकडून काढून घे, माझ्याकडून नको."

स्वानंदीने कपाळावर हात मारला. "मी उद्या भरणारच होते." मग ती हसली आणि 'छान' म्हणायला इथले आयरिश लोक वापरतात तो शब्द म्हणाली, "ग्रँड. पण एवढ्यासाठी इथपर्यंत आलात?"

"चुकीचं तोंडावर सांगितलं होतं, बरोबरही तोंडावरच सांगायला हवं."

घरी येऊन त्याने तिथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही आपली चूक लिहिली. लोक हसतील असं त्याला वाटलं होतं. उलट ग्रुपमधल्या अभिजितने लगेच स्वतःची शंका विचारली, आणि या वेळी उपेंद्रने आधी त्यालाच दोन प्रश्न केले.

मित्रांनो, परक्या देशात आपण एकमेकांच्या शब्दावर चालतो. ज्याच्या शब्दावर चार माणसं चालतात, त्याने "थांब, बघून सांगतो" म्हणायला कधीही लाजू नये.